समुद्रसपाटीखालचे तीन फ्यूज

१

अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी धम्मदीपने स्विचबोर्डचं दार उघडलं, आत पाहिलं, आणि बंद केलं. मग पुन्हा उघडलं. फ्रीजमध्ये काही नाही हे माहीत असूनही माणूस दोन मिनिटांनी परत बघतो, कदाचित दरम्यान कुणीतरी श्रीखंड ठेवलं असेल म्हणून. तसं.

"फ्यूज नाहीत," तो म्हणाला.

"किती नाहीत?"

"तीन होते. तीनही नाहीत."

"म्हणजे निदान शोधताना कुठला राहिला असा गोंधळ नाही," मी म्हणालो.

तो हसला नाही. धम्मदीप माझ्या विनोदांना हसतो, हाच आमच्या मैत्रीचा पाया आहे. तो भिंतीला टेकला आणि म्हणाला, "वेदांत, बाराला कमिटी येतेय यार."

आणि हे सगळं समुद्रसपाटीच्या पंधरा फूट खाली घडत होतं.

आम्ही राहतो त्या क्युपर्टिनोहून दोन तास ड्राइव्ह केलं की कॅलिफोर्नियाचा डेल्टा लागतो, आणि त्या डेल्टात हे बेट आहे. बेट म्हटल्यावर आपल्याला पाण्याच्या वर आलेली जमीन आठवते. हे बेट पाण्याच्या खाली आहे. दीडशे वर्षांपूर्वी इथे दलदल होती. लोकांनी तिच्या कडेने मातीचे बंधारे घातले, आतलं पाणी उपसून बाहेर नदीत टाकलं, आणि तळाशी जी काळी माती उरली तिच्यात शेती केली. ती माती वाळून दरवर्षी थोडी खचत गेली. आता नदी बंधाऱ्याच्या पलीकडे वरून वाहते आणि शेतकरी मान वर करून बोटी बघतो. पाणी आत झिरपत राहतं, म्हणून पंप चालवत राहावं लागतं. शंभर वर्षांत इथे कुणी पूर्ण सुट्टी घेतलेली नाही.

आता हे काम नवे पंप करतात. जुन्या पंपघराचं संग्रहालय झालंय. त्यातला १९१९ सालचा पंप धम्मदीपने दोन वर्षं खपून दुरुस्त केला होता. तो मूळचा नागपूरचा, इथे पाण्यावर पीएच.डी. करतोय. आठवडाभर अभ्यास आणि दर शनिवारी हा पंप. त्याला गर्लफ्रेंड का नाही, हा प्रश्न आम्ही कधीच विचारला नाही.

बेटाच्या कमिटीने लेखी कळवलं होतं: शनिवारी दुपारी बारा वाजता पंप चालला, तर राहील. नाही चालला, तर भंगारात जाईल, आणि पंपघरात लग्नाचा हॉल होईल.

ते फ्यूज मक्याच्या कणसाएवढे असतात आणि आता मिळत नाहीत. धम्मदीपने ई-बेवर सात महिने शोधून तीन वेगवेगळ्या राज्यांतून एकेक मिळवला होता. चौथा जगात असेल, तर तो आम्हाला माहीत नव्हता.

बाराला पंचवीस मिनिटं होती.

२

तपास सुनेत्राताईने हातात घेतला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती ऑफिसमध्ये माझी टेस्ट लीड आहे आणि दुसऱ्याच्या चुका शोधणं हा तिचा पगारी छंद आहे.

"शेवटचं कधी चालू होतं?" तिने पहिला प्रश्न विचारला. सॉफ्टवेअर असो, मिक्सर असो किंवा शेजाऱ्यांचं लग्न असो, तिचा पहिला प्रश्न हाच असतो.

"साडेदहाला मी दार उघडून बघितलं. तीनही जागेवर होते. डॉरथी माझ्या बाजूला उभी होती."

"मग कुलूप लावलंस?"

धम्मदीपने खिशातली किल्ली चाचपली.

"नाही लावलंस."

"तुम्ही लोक तेवढ्यात आलात ना ताई. मी म्हटलं, आपलीच माणसं आहेत."

डॉरथी म्हणजे संग्रहालयाची व्यवस्थापक. वय सत्तर, गळ्यात दोन चष्मे, त्यातला एकही डोळ्यांवर नाही. किल्ल्या दोनच होत्या: एक तिच्याकडे, एक धम्मदीपकडे. "डीप," ती म्हणाली, "मी तुला दोष देत नाहीये." हे वाक्य जगात कुठल्याही भाषेत फक्त दोष देतानाच वापरतात. "पण कमिटीला मी काय सांगू? दार तू उघडं ठेवलंस. पाहुणे तुझे."

पाहुणे म्हणजे आम्ही चौघं. मी. सुनेत्राताई. तिचा नवरा चारुदत्त, ज्याला मी दाजी म्हणतो आणि जो माझ्याशी बोलतानाही हँडीकॅम खाली ठेवत नाही. आणि रामभाऊकाका.

रामभाऊकाका माझा रूममेट सत्यजितचे वडील. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले. सत्यजितच्या ऑफिसात त्या वीकेंडला सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, म्हणून काकांना फिरवायचं काम माझ्याकडे आलं. कृष्णाकाठच्या एका गावात चौतीस वर्षं नगरपालिकेचा पंप चालवून रिटायर झालेले. गोल्डन गेटवर त्यांनी जांभई दिली होती. मॉलमध्ये सरकत्या जिन्याची मोटर कुठे आहे ते शोधलं होतं. आज मात्र सकाळपासून ताठ बसले होते. गाडीत चढताना त्यांनी चौकडीच्या मोठ्या रुमालाने सीट पुसली, मग पट्टा पुसला, मग मला म्हणाले, "किती हॉर्सपॉवरचा आहे?" मी म्हणालो, "टोयोटा आहे काका." ते म्हणाले, "गाडी नाही रे. पंप."

"ताई," मी हळूच म्हणालो, "पळून गेलेलं कुणी नाही. म्हणजे चोर इथेच आहे."

"तू कुठे होतास साडेदहा ते साडेअकरा?"

"मी?"

"सगळ्यांनाच विचारणार आहे."

"टॉयलेटमध्ये."

"तासभर?"

"तिथल्या भिंतीवरपण प्रदर्शन आहे. सांडपाण्याच्या उपशाबद्दल. सचित्र."

तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं ऑफिसमध्ये ती फक्त अप्रेझलच्या वेळी पाहते.

३

दाजींची बॅग आधी तपासली. याला कारण होतं. चारुदत्तदाजी जिथे जातील तिथून काहीतरी आणतात. त्यांच्या घरी हॉटेलांचे छोटे साबण एवढे आहेत की त्यांची अंघोळ दर आठवड्याला वेगळ्या शहरात होते.

बॅगेत निघालं: संग्रहालयाची माहितीपत्रकं अकरा, केचपच्या पुड्या सहा, आणि अभिप्रायवहीला बांधलेली पेन्सिल, दोरीसकट.

"चारू," ताई म्हणाली.

"ती तुटलेलीच होती," दाजी म्हणाले. पेन्सिल अखंड होती.

फ्यूज नव्हते. पण दाजींकडे त्याहून उपयोगी वस्तू होती. टेप. त्यांनी सकाळपासून सगळं शूट केलं होतं. मऊ जमिनीत घोडे रुतू नयेत म्हणून त्यांच्या पायात घालायच्या रुंद चपला इथे ठेवल्या आहेत. घोडे नाहीत, फक्त चपला. देवळाबाहेर असतात तशा. त्या चपलांचं चार मिनिटं शूटिंग होतं. ढकलगाड्यांनी माती वाहून हे बंधारे रचणाऱ्या चिनी मजुरांच्या फोटोंचं सहा मिनिटं. त्यांची नावं कुणीच लिहून ठेवली नव्हती. त्या भागात दाजी एकदाही बोलले नव्हते, आणि हे त्यांच्या कुठल्याही टेपमध्ये पहिल्यांदाच घडत होतं.

ताईने छोट्या पडद्यावर पुढे-मागे करून पंपाच्या खोलीतले दोन तुकडे काढले.

"अकरा-चार. स्विचबोर्डचं दार बंद. बाजूला मोठा स्विच. अकरा-बावीस. तोच स्विच. हे काय आहे?"

स्विचच्या दांड्याला एक रुमाल बांधलेला दिसत होता. पक्की दोन गाठींची बांधणी.

"कुणीतरी वाळत घातलाय," मी म्हणालो. "दाजी, तुमचं ताक सांडलं होतं ना?"

"सांडलं, पण मी पँटलाच पुसलं."

ताई स्वतःशीच म्हणाली, "वाळत घालायला कुणी दोन गाठी मारत नाही."

मग ती पंपाच्या खोलीत गेली आणि मी मागोमाग. फ्यूज काढायचा लाकडी चिमटा भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होता.

"हा इथेच असतो?" तिने धम्मदीपला विचारलं.

"हो, तिथेच. पण मी सकाळी तो टेबलावर ठेवला होता."

"म्हणजे चोराने फ्यूज काढले, दार नीट लावलं, आणि चिमटा त्याच्या खिळ्याला अडकवून गेला. जाताना रुमालही देऊन गेला." ती थांबली. "वेदांत, इतका टापटिपीचा चोर तू पाहिलायस?"

मी म्हणालो, माझ्या रूममेट्सपेक्षा चांगला आहे.

४

पंपाच्या खोलीत रामभाऊकाका एका पालथ्या बादलीवर बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. इतिहासाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते मागच्या खिडकीतून बाहेर बघत होते. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं: गवत, कालवा, आणि पंपघराच्या मागच्या भिंतीची एक कड.

"काका, जेवायला चला ना," ताई म्हणाली. "दशम्या आहेत. साडेअकरा होऊन गेले. तुमची शुगरची गोळी?"

"बसतो जरा."

आता, रामभाऊकाका साडेअकराला जेवतात. गेल्या आठवड्यात ते डीएमव्हीच्या, म्हणजे इथल्या आरटीओच्या, रांगेत साडेअकराला जेवले होते.

"काका, इथले फ्यूज बघितलेत का तुम्ही?"

"बघितले की. चांगले आहेत. असे आता मिळत नाहीत."

"आता कुठे आहेत?"

"जिथं असायला पाहिजेत तिथं."

मी ताईला बाजूला घेऊन म्हणालो की रिटायर झाल्यावर माणसं असं बोलायला लागतात. माझे आजोबा तर 'चहा घेणार का' या प्रश्नालाही 'कोण घेतं, कोण देतं' म्हणायचे.

"काका, कमिटी येतेय बाराला," धम्मदीप घाईने म्हणाला. "पंप चालू करायचाय."

काका त्याच्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "अजून वेळ आहे."

"वीस मिनिटं आहेत काका!"

"तेच म्हणतो. वेळ आहे."

धम्मदीप बाहेर आला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "ताई, सोड. कुणी घेतले ते मला माहितेय. अर्लने घेतले."

५

अर्ल म्हणजे संग्रहालयाचा सगळ्यात जुना स्वयंसेवक. वय एक्याऐंशी. याच बेटावर त्याने चाळीस वर्षं डिझेलचं इंजिन चालवलं होतं, आणि विजेची मोटर त्याला मान्य नव्हती. तिला तो शिवणयंत्र म्हणायचा. धम्मदीपने दोन वर्षं दुरुस्ती केली, तर अर्लने दोन वर्षं बाजूला उभं राहून टोमणे मारले आणि ग्रीस लावलं. दोन्ही नेमाने.

"अर्ल कुठे आहे?" ताईने डॉरथीला विचारलं.

"अकरापासून दिसला नाही."

"घरी गेला?"

"त्याचा पिकअप बाहेरच आहे. कुठेतरी झोपला असेल. मागच्या वर्षी आम्हाला तो प्रदर्शनातल्या होडीत सापडला होता. शाळेची सहल आली होती. मुलांना वाटलं, पुतळा आहे."

आम्ही होडीत पाहिलं. पुतळा नव्हता. गाळ उपसणाऱ्या ड्रेजरच्या मॉडेलमागे पाहिलं. पिकअपमध्ये पाहिलं, तिथे फक्त त्याचा न उघडलेला लंचबॉक्स होता.

"बघ," धम्मदीप म्हणाला. "फ्यूज घेऊन लपून बसलाय. बारानंतर बाहेर येईल आणि म्हणेल, डिझेल असतं तर चाललं असतं. डॉरथी, आय ॲम सॉरी, पण दोन वर्षं त्याला हेच हवं होतं."

डॉरथीने दोनपैकी एक चष्मा लावला. "अर्ल असं करणार नाही," ती म्हणाली. पण आवाजात ठामपणा नव्हता.

मी कॉफी घ्यायला गेलो. तपासात माझी भूमिका साधारण अशीच होती. कॉफीच्या मशीनशेजारी बशीत काहीतरी गुलाबी, वळलेलं पडलं होतं. मी ते उचलून ताईला दाखवलं. "ताई, यांच्याकडे कॉफीबरोबर सुक्या कोळंबीचे सोडे देतात."

तिने ते हातात घेतलं, आणि तिचा चेहरा बदलला.

"हे सोडे नाहीत. हे कानातलं मशीन आहे. अर्लचं. तो हे कधी काढतो?"

"ग्रीसचं काम करताना," धम्मदीप म्हणाला. "तेल लागून बिघडतं म्हणून..."

तेवढ्यात दाजी खिडकीतून ओरडले, "आले! गाड्या आल्या!" बंधाऱ्यावरच्या रस्त्यावरून दोन पिकअप धूळ उडवत येत होते. दाजी ते शूट करत होते.

बाराला सात मिनिटं.

६

आता जे झालं त्याबद्दल मला आमच्या सगळ्यांच्या वतीने शरम वाटते. कारण असं काही सुचायला माणूस आपल्याकडचाच लागतो.

दाजी म्हणाले, "अरे, फ्यूजच गेलेत ना? तार टाका."

खोलीत एकदम आशा पसरली. तार! लहानपणापासून आम्ही पाहत आलो होतो. मॅच चालू असताना लाइट गेली की वायरमनची वाट कोण बघतं? कुणीतरी काका स्टुलावर चढतात, फ्यूजमध्ये तारेचा तुकडा अडकवतात, आणि शेवटची ओव्हर बघायला मिळते. घर जळालं तरी मॅच बघून झालेली असते.

"तांब्याची जाड पट्टी आहे माझ्याकडे," धम्मदीप म्हणाला. हा तोच धम्मदीप, ज्याने सहा वर्षं इंजिनिअरिंग शिकून सेफ्टीवर एक पेपरही लिहिला होता. "फक्त पाच मिनिटं चालवू. पाणी पलीकडे पडलेलं दिसलं की बंद."

बाहेर गाड्यांची दारं वाजली. डॉरथी कमिटीला थोपवायला गेली. धम्मदीपने तीन पट्ट्या कापल्या. मी स्विचवरचा रुमाल सोडायला हात पुढे केला.

"हात लावायचा नाही!"

रामभाऊकाकांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. चौतीस वर्षं मोटरच्या आवाजाच्या वरताण बोलायची सवय होती ती. ते बादलीवरून उठून स्विचबोर्डसमोर उभे राहिले होते. पाठ दाराला, दोन्ही हात आडवे. पिशवी गळ्यात.

"काका, बाजूला व्हा, प्लीज," धम्मदीप म्हणाला. तो जवळजवळ रडत होता. "माझी दोन वर्षं जातील हो."

"जाऊ देत."

"काका!"

"पोरा, मला ढकलून लाव. नाहीतर लागणार नाही."

त्यांच्या हालचालीने पिशवी हलली आणि आतून खणखणाट झाला. मक्याची कणसं खणखणत नाहीत.

आम्ही सगळे पिशवीकडे बघू लागलो. मग काकांकडे. मग मला रुमालाची चौकडी ओळखू आली. सकाळी माझ्याच गाडीची सीट त्याने पुसली होती. बारकावे टिपायचा मला पगार मिळतो.

"तुम्ही?" धम्मदीप म्हणाला. "तुम्ही घेतलेत?"

काकांनी पिशवी छातीशी धरली.

सुनेत्राताईने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला मागे ओढलं. ती अजिबात रागावलेली नव्हती. पांढरी पडली होती.

"आपण मघापासून चुकीचा प्रश्न विचारतोय," ती म्हणाली. "फ्यूज कुठे आहेत, हे विचारायचंच नव्हतं." ती काकांसमोर गेली. "काका, खाली कोण आहे?"

काकांनी लगेच उत्तर दिलं. जणू हाच प्रश्न कुणी विचारावा म्हणून ते मघापासून बसले होते.

"टोपीवाले म्हातारे. ग्रीसचा डबा घेऊन मागच्या लोखंडी दाराने उतरले. अजून वर आले नाहीत."

७

मोटर वर असते. पंप खाली, पाण्यात. दोघांना जोडणारा वीस फुटी शाफ्ट मधल्या विहिरीतून उभा जातो आणि मिनिटाला सातशे वेळा फिरतो. त्याच्या शेजारी एक फळी आहे, ग्रीस लावणाऱ्या माणसासाठी.

धम्मदीप मागच्या दाराने खाली उतरला. मी टॉर्च धरला. डॉरथी आणि कमिटीचे तिघं टोप्या हातात घेऊन कडेला उभे होते. त्यांना आम्ही काय सांगितलं ते आठवत नाही. दाजींनी कॅमेरा बंद केला होता, एवढं आठवतं.

"अर्ल!" धम्मदीप ओरडला. टॉर्चचा उजेड फळीवर आला.

अर्ल झोपला होता.

ग्रीसचं काम संपलं होतं, खाली गार होतं, आणि कमिटी यायला वेळ होता. झोपेत पाण्यात पडू नये म्हणून त्याने खबरदारीही घेतली होती. कमरेचा पट्टा काढून त्याने स्वतःला बांधून घेतलं होतं. शाफ्टला.

मी माझ्या हाताकडे बघितलं. याच हाताने मी रुमाल सोडणार होतो.

धम्मदीपने त्याला हलवलं. अर्लने डोळे उघडले, भोवती पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, "बारा वाजले का?"

"वाजले!" धम्मदीप म्हणाला, आणि त्याला इतकी घट्ट मिठी मारली की दोघंही पाण्यात पडता पडता राहिले. पट्टा होता म्हणून वाचले.

वर आल्यावर अर्लच्या कानात मशीन घातलं आणि डॉरथीने त्याला सगळं सांगितलं. त्यातली बरीच वाक्यं 'मूर्ख म्हाताऱ्या'ने सुरू होत होती. मग ताईने काकांना आमच्या सगळ्यांच्या मनातलं विचारलं.

"काका, एक शब्द बोलला असतात तर? या पोराला मघापासून बोलणी बसली."

"मला काय ठाऊक त्याला बोलणी बसतायत? तुमचं सगळं इंग्रजीत चाललेलं. म्हटलं, उत्साहात आहेत." काका पुन्हा बादलीवर बसले. "आणि खाली माणूस गेलाय हे तुम्हाला माहीत असणारच. तुमचाच माणूस. फ्यूज काढायचं तेवढं विसरलात, म्हणून मी काढले. दांड्याला रुमाल बांधला. आमच्याकडे तसंच असतं. रुमाल दिसला की कुणी हात लावत नाही. तुम्ही लावायला निघालात, तेव्हा वाटलं, माहीत असूनही घाई करताय."

"पण फ्यूज कुठे आहेत विचारलं, तेव्हा?"

"ते सांगायचं नसतं. अठ्ठ्याऐंशी साली आमचा एक फिटर आत होता आणि उद्घाटनाला पाहुणे आलेले. साहेबांनी विचारलं, फ्यूज कुठायत. मी म्हटलं, फळीवर. साहेबांनी स्वतःच्या हाताने बसवले." काकांनी उजव्या हाताची तीन बोटं मिटून दाखवली. "तेवढी गेली फिटरची. मोठी माणसं यायची असली की फ्यूज आपोआप बसतात, बाई. तेव्हापासून ठरवलं. आत गेलेला माणूस स्वतः वर येऊन हात पुढं करेल, तेव्हाच द्यायचे. मागणारा कुणीही असो."

धम्मदीपने हे कमिटीला इंग्रजीत सांगितलं. सांगताना त्याने तांब्याच्या पट्ट्यांबद्दलही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती. त्यांना ते माहीतच नव्हतं. पण त्याने सांगितलं. "आणि पट्ट्या मी कापल्या होत्या," तो म्हणाला.

कमिटीच्या अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. उंच, वाळका शेतकरी, नवीन टोपी. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. पत्रात बारा लिहिलं होतं.

"अर्ल," ते म्हणाले, "तू खाली होतास?"

"होतो."

"बांधलेला?"

"चांगला पट्टा आहे," अर्ल म्हणाला.

मग अर्ल काकांसमोर गेला. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. अर्लने हात पुढे केला, तळवा वर. काकांनी पिशवीतून फ्यूज काढले, एकेक करून त्याच्या तळव्यावर ठेवले, आणि तिसरा ठेवल्यावर आपल्या मुठीने त्याची मूठ मिटवली. अर्लने ते तसेच नेऊन धम्मदीपला दिले. "घे, तुझं शिवणयंत्र," तो म्हणाला.

धम्मदीपने फ्यूज बसवले. काकांनी रुमाल सोडला. अध्यक्ष म्हणाले, "थांबा," आणि आम्हाला वाटलं, गेलं सगळं. पण त्यांनी टोपी काढली, बोट पुढे केलं आणि खोलीतली डोकी मोजली. दहा. मग सगळ्यात शांत आवाजात विचारलं, "खाली कुणी?"

"कुणी नाही," आम्ही म्हणालो. काकांनीही म्हटलं, मराठीत.

स्विच वर गेला. मोटर आधी कण्हली, मग घोंघावली, मग जमीन थरथरू लागली. पाइपातून एक लांब उचकी आली, आणि बंधाऱ्यावरून, आमच्या डोक्यांच्याही वरून, काळं पाणी पलीकडे नदीत पडायला लागलं. डॉरथीने टाळ्या वाजवल्या. दाजींनी कॅमेरा चालू केला. अध्यक्ष पंधरा मिनिटं ते पाणी बघत राहिले, मग खिशातून पत्र काढून 'बारा' खोडलं, वर 'सगळे वर आल्यावर' असं लिहिलं, आणि खाली सही केली. लग्नाचा हॉल दुसरीकडे होईल.

धम्मदीपने ते पत्र हातात घेतलं, पण वाचलं नाही. दोन वर्षांचं काम डोक्यावरून धो धो वाहत होतं आणि त्याचं तिकडेही लक्ष नव्हतं. तो आमच्याकडे बघत होता. माझ्याकडे, ताईकडे, दाजींकडे, काकांकडे, डॉरथीकडे, अर्लकडे. ओठ हलत होते. शेवटच्या माणसापर्यंत आला, थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.